जसा समुद्र, तसा रेग्युलेटर

मालवणात स्कूबासाठी होडीत बसलेल्या पर्यटकाला पाण्यात उतरण्यापूर्वी मोजक्या चार गोष्टी सांगितल्या जातात. रबरी तोंडी दातांत धरा, ओठ घट्ट मिटा, श्वास नाकाने नको तोंडाने घ्या, आणि काही झाले तरी श्वास रोखून धरू नका. मग किल्ल्याच्या अंगाला, खडपांच्या आसपास, सहा-सात मीटर पाण्यात इन्स्ट्रक्टर त्याला धरून फिरवतो. वर आल्यावर गप्पा रंगतात त्या माशांच्या, प्रवाळांच्या आणि पाण्याखाली काढलेल्या व्हिडिओच्या. ज्या यंत्राने त्या पंधरा-वीस मिनिटांत दोन-तीनशे वेळा बिनबोभाट श्वास पुरवला, त्याचा विषयही निघत नाही.

ते यंत्र म्हणजे रेग्युलेटर. मास्क गळका निघाला तर डायव्हर वैतागतो, पायातले फिन सैल असले तर दमतो. रेग्युलेटरने दगा दिला तर मात्र हाती उरतो तो छातीतला शेवटचा श्वास आणि सोबत्याकडचा पर्यायी रेग्युलेटर. म्हणूनच डायव्हिंग शिकलेला माणूस स्वतःचे सामान घ्यायला निघाला की मास्क आणि फिननंतर त्याचा जीव अडकतो तो इथेच. दुकानदार 'डीप डायव्हिंगचा', 'कोल्ड वॉटरचा' असे शब्द पुढे करतो आणि किंमत त्या शब्दांगणिक चढत जाते. कोकणच्या कोमट पाण्यात बुड्या मारणाऱ्याने या शब्दांचे काय करायचे?

हा प्रश्न आता मालवणात खरोखरच पडू लागला आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आली. हौशी पर्यटकांबरोबरच रीतसर अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र घेणारे तरुण इथे येतात आणि स्थानिक मच्छीमार घरांतली मुलेही या व्यवसायात उतरली आहेत. किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यापलीकडे जाण्याची ओढ वाढते आहे. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटर भर समुद्रात आंग्रिया बँक हे पाण्याखालचे पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव मिरवणाऱ्या या पठाराचा सर्वांत उथळ माथाच पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे आणि कडांना समुद्र एकदम शेकडो मीटर खोल जातो. इकडे निवतीच्या समुद्रात 'आयएनएस गुलदार' या निवृत्त युद्धनौकेभोवती पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत उभारण्याचा प्रकल्प सरकारने हाती घेतला आहे. सुमारे 84 मीटर लांबीची ही नौका 1985 मध्ये नौदलात दाखल झाली आणि जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाली. सहा मीटरवर जे सामान खपून जाते, ते अशा ठिकाणी खपेलच असे नाही.

दोन टप्प्यांत उतरणारा दाब

डायव्हरच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा साधारण 200 बार दाबाने भरलेली असते. म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या दोनशे पट. एवढ्या दाबाची हवा सरळ तोंडात घेणे अशक्य. पण नुसता दाब कमी करूनही भागत नाही. समुद्रात दर दहा मीटरला एक बार दाब वाढतो आणि तो छातीवर चहूबाजूंनी पडतो. छातीवर पाण्याचा दाब असताना पृष्ठभागावरची साधी हवा लांब नळीने ओढून घेता येत नाही. मीटरभर खोलीवरच छातीचे स्नायू हरतात. तेव्हा डायव्हर ज्या क्षणी ज्या खोलीवर असेल, त्या खोलीच्या दाबाचीच हवा त्याला त्या क्षणी मिळायला हवी. स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटरही दाब उतरवतो, पण तो एका ठरावीक दाबाला बांधलेला असतो. पाण्याखालच्या रेग्युलेटरला हा हिशेब दर मीटरला नव्याने करावा लागतो.

हे कोडे नीट सुटले ते 1943 मध्ये फ्रान्समध्ये. महायुद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती आणि एमिल गॅन्यां हा अभियंता मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप तयार करत होता. नौदल अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो यांच्याबरोबर त्याने ती झडप पाण्याखालच्या श्वासासाठी बदलून घेतली. डायव्हर श्वास ओढील तेव्हाच आणि ओढील तेवढीच हवा सोडणारे 'अ‍ॅक्वा-लंग' त्यातून जन्मले. आज मालवणच्या होडीत ठेवलेल्या प्रत्येक रेग्युलेटरचे तत्त्व तेच आहे.

रेग्युलेटरचे दोन भाग असतात. सिलिंडरच्या तोंडावर बसतो तो पितळी, क्रोमचा मुलामा दिलेला, मुठीएवढा भाग म्हणजे फर्स्ट स्टेज. तो 200 बारचा दाब एका झटक्यात खाली आणतो आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण नऊ ते दहा बार जास्त एवढ्यावर स्थिर ठेवतो. तिथून होजमधून हवा तोंडातल्या भागात, म्हणजे सेकंड स्टेजमध्ये येते. तिचे झाकण उघडले तर आत सिलिकॉनचा एक पातळ, गोल पडदा दिसतो. त्याच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला श्वासाची हवा. डायव्हरने श्वास ओढला की पडदा आत खेचला जातो, त्याखालची छोटी दांडी दाबली जाते, व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा येते. श्वास थांबला की दांडी वर, व्हॉल्व्ह बंद. उच्छ्वास खालच्या रबरी झडपेतून बुडबुडे होऊन बाहेर पडतो. याच फर्स्ट स्टेजला आणखी एक सेकंड स्टेज लांब, बहुधा पिवळ्या होजने जोडलेली असते. तिला डायव्हर ऑक्टोपस म्हणतात. सोबत्याची हवा संपली तर ती त्याच्यासाठी.

खोली काय मागते

खोलीचा पहिला हिशेब हवेच्या खपाचा. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागणारा माणूस दहा मीटरवर 40, वीस मीटरवर 60 आणि तीस मीटरवर 80 लिटर हवा वापरतो, कारण तिथे दाब चौपट असतो. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारने सुमारे 2400 लिटर हवा मावते. दहा मीटरवर ती तासभर पुरेल, तीस मीटरवर अर्धाच तास, आणि त्यातलीही परतीची राखीव वजा करायची. आता तीस मीटरवर एकाची हवा संपली आणि दोघे जण घाबरून एकाच फर्स्ट स्टेजवर श्वास घेऊ लागले असे धरा. घाबरलेल्या माणसाचा श्वास दुप्पट होतो. दोघांचे मिळून मिनिटाला 320 लिटर झाले. स्वस्तातला, झिजलेला रेग्युलेटर एवढी हवा सोडताना दम तोडतो आणि नेमक्या त्याच क्षणी डायव्हरला वाटते की हवा पुरत नाही.

दुसरा हिशेब हवेच्या दाटपणाचा आहे. दाबाखाली हवा नुसती जास्त लागत नाही, ती दाटही होते आणि अरुंद वाटांतून ढकलायला कष्ट पडतात. श्वास जड झाला की कार्बन डायऑक्साइड शरीरात साठतो. त्याने धाप लागते, डोके भणभणते, धापेने श्वास आणखी वाढतो आणि माणूस चक्रात सापडतो. डायव्हिंग संशोधक गॅव्हिन अँथनी आणि न्यूझीलंडचे डायव्हिंग-वैद्यक तज्ज्ञ सायमन मिचेल यांनी चाचण्यांच्या आधारे सुचवले आहे की श्वासाच्या वायूची घनता शक्यतो लिटरला 5.2 ग्रॅमच्या आत असावी आणि 6.2 ग्रॅमच्या वर जाऊच नये. साध्या हवेच्या हिशेबात या मर्यादा अनुक्रमे 31 आणि 39 मीटरच्या आसपास येतात. हौशी डायव्हिंगची सर्वमान्य कमाल मर्यादा 40 मीटर आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवे. म्हणजे त्या शेवटच्या दहा मीटरांत रेग्युलेटर उत्तम असला तरी शरीराची कसोटी लागते, आणि तो सुमार असेल तर संकट दुहेरी होते.

इथे 'बॅलन्स्ड' या शब्दाला अर्थ येतो. साध्या, अनबॅलन्स्ड फर्स्ट स्टेजमध्ये सिलिंडरचा दाब झडपेवर परिणाम करतो. त्यामुळे सिलिंडर भरलेला असताना श्वास हलका आणि रिकामा होत आला की जड. सहा मीटरवर हा फरक जाणवतही नाही. म्हणून भाड्याच्या सामानात असे साधे, दणकट, दुरुस्तीला सोपे रेग्युलेटर असतात आणि त्यात काही गैर नाही. बॅलन्स्ड रचनेत सिलिंडरच्या दाबाचा हा परिणाम काढून टाकलेला असतो. तीस मीटरवर, सिलिंडरमध्ये 60 बार उरलेले असतानाही श्वास तसाच हलका राहतो. आंग्रिया बँक डोळ्यांपुढे ठेवून रेग्युलेटर घेणाऱ्याने पैसे वाढवायचेच तर ते इथे वाढवावेत.

थंडी काय करते

मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी कॅनडात ह्युरॉन सरोवराच्या काठी, टोबरमोरीला फॅदम फाइव्ह हे राष्ट्रीय सागरी उद्यान स्थापन झाले. टोरांटोतल्या मराठी कुटुंबांना मोटारीने चारेक तासांत गाठता येणाऱ्या या उद्यानात वीसहून अधिक बुडालेली जहाजे आहेत आणि डायव्हर त्यांच्यासाठीच तिथे जातात. गोडे पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्यामुळे अशा सरोवरांच्या तळाला भर उन्हाळ्यातही चार-पाच अंशांचे पाणी साचून राहते. वर पोहायला जमते, आणि तीस मीटर खाली दातांवर दात वाजतात. आइसलँडमधल्या सिल्फ्रा या प्रसिद्ध भेगेत तर पाणी बारमाही 2 ते 4 अंशांचे. इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या स्टोनी कोव्ह या खाणीतल्या तलावात हिवाळ्यात साधारण तेवढीच थंडी असते. तारकर्लीला शिकून नोकरी-शिक्षणासाठी परदेशी गेलेला डायव्हर तिथे आपला मालवणचा रेग्युलेटर घेऊन उतरला, तर तो गोठू शकतो.

गोठतो कसा, ते कोकणातही हाताला जाणवते. मे महिन्याच्या उकाड्यात भरलेल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून हवा भसाभस सोडली, तर पितळ गार पडते आणि त्यावर दव धरते. दाबातली हवा पसरली की थंड होते. फर्स्ट स्टेजमध्ये 200 बारची हवा दहा बारवर येते, तेव्हा तिचे तापमान शून्याच्या कितीतरी खाली जाऊ शकते. मालवणचे 28 अंशांचे पाणी त्या धातूला लगेच ऊब देते, म्हणून इथे काही घडत नाही. चार अंशांच्या पाण्यापाशी द्यायला ऊबच नसते. स्प्रिंगभोवतीच्या पाण्याचे बर्फ होते आणि झडप उघडी अडकते. होजमधला दाब चढतो, सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि हवा न मागता धो धो वाहू लागते. याला फ्री फ्लो म्हणतात. हवा जितकी जास्त वाहते, तितका धातू आणखी गार पडतो; म्हणून हा प्रकार आपण होऊन क्वचितच थांबतो आणि काही मिनिटांत सिलिंडर रिकामा होतो. समुद्राचे खारे पाणी शून्याच्या जवळपास दोन अंश खाली गोठते, गोडे पाणी शून्यालाच. थंड सरोवर हे थंड समुद्रापेक्षा रेग्युलेटरला जास्त जाचक ठरते ते त्यामुळे.

यावरचे उपाय ठाऊक आहेत. फर्स्ट स्टेज दोन प्रकारची असते: पिस्टनची आणि पडद्याची. पिस्टनच्या रचनेत सुटे भाग कमी आणि हवेचा ओघ मोठा, पण स्प्रिंगच्या कप्प्यात बाहेरचे पाणी शिरते. पडद्याच्या रचनेत बाहेरून आणखी एक पडदा लावून तो कप्पा पूर्ण सीलबंद करता येतो. पाण्याचा दाब आत पोचतो, पाणी पोचत नाही. थंड पाण्यासाठीचे बहुतेक रेग्युलेटर या सीलबंद जातीचे असतात. शिवाय भोवतालच्या पाण्यातली जी काही ऊब असेल ती खेचून घेण्यासाठी धातूवर कंगोरे काढतात आणि सेकंड स्टेजचा निदान काही भाग प्लॅस्टिकऐवजी धातूचा ठेवतात.

हे सगळे तपासायला युरोपात ईएन 250 हे प्रमाण आहे. त्यात रेग्युलेटर 50 मीटर खोलीच्या दाबाखाली मिनिटाला 62.5 लिटर श्वासाच्या गतीने चालवतात आणि श्वासासाठी करावे लागणारे काम लिटरमागे 3 ज्यूलच्या आत राहते का ते मोजतात. थंडीची चाचणी 4 अंश किंवा त्याहून गार पाण्यात होते. जो रेग्युलेटर त्या चाचणीसाठी नाही, त्यावर दहा अंशांवरील पाण्यासाठी असल्याची खूण कोरलेली असते. खुणेत ईएन 250 च्या पुढे 'ए' हे अक्षर असेल, तर एकाच फर्स्ट स्टेजवर दोघांनी श्वास घेण्याच्या दृष्टीनेही त्याची परीक्षा झालेली आहे. परदेशातून सामान मागवणाऱ्याने आकर्षक रंग पाहण्याआधी धातूवरची ही बारीक अक्षरे वाचावीत.

पण थंडीतला सर्वांत मोलाचा धडा यंत्रापेक्षा वागण्याचा आहे. अंटार्क्टिकात मॅकमर्डो इथे अमेरिकेचे वैज्ञानिक डायव्हर उणे 1.8 अंशांच्या पाण्यात, जाड बर्फाखाली काम करतात. तिथे बर्फाच्या छिद्रातून सरळ वर यायची एकच वाट असते. त्यांचे नियम साधे आहेत. पाण्यात शिरेपर्यंत रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा नाही, कारण उच्छ्वासातली वाफ आत गोठते. सेकंड स्टेजवरचे, हवा सोडणारे पर्ज बटण उगाच दाबायचे नाही. तरंगण्याच्या जॅकेटमध्ये हवा भरायची ती थोडी थोडी. दोन स्वतंत्र रेग्युलेटर जवळ बाळगायचे. आणि दर मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येक रेग्युलेटर पूर्ण खोलून, नवे भाग घालून पुन्हा जोडायचा. यातला शेवटचा नियम मालवणलाही तंतोतंत लागू पडतो.

कोकणातला शत्रू वेगळा

अरबी समुद्राच्या या किनाऱ्याला पाणी वर्षाचा बराच काळ 26 ते 30 अंशांच्या दरम्यान असते. पावसाळ्याच्या अखेरीस खालचे गार पाणी किनाऱ्याकडे चढून येते, तेव्हा मोसमाच्या आरंभी डायव्हरला खोलवर अचानक गारवा लागतो. पण रेग्युलेटर गोठण्याशी त्याचा संबंध नाही. मालवणात रेग्युलेटर मरतो तो मिठाने, वाळूने, दमट हवेने आणि टाळलेल्या सर्व्हिसिंगने.

सर्व्हिसिंगला आलेला रेग्युलेटर खोलताना जाणकार कारागीर आधी पाहतो ती फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी बसवलेली, नखाएवढी धातूची जाळी. तिच्या रंगावरून त्या रेग्युलेटरचे सगळे आयुष्य कळते. जाळी हिरवट झाली असेल तर आत खारे पाणी गेले आहे आणि पितळ कळकू लागले आहे. तांबूस असेल तर पोलादी सिलिंडर आतून गंजला आहे. काळपट असेल तर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा फिल्टर संपला आहे. ती जाळी काढून उजेडात धरली की दोष रेग्युलेटरचा, सिलिंडरचा की कॉम्प्रेसरचा हे बहुतेक वेळा तिथेच ठरते. मग तो दाबमापक लावतो. होजमधला दाब एका आकड्यावर स्थिर थांबला तर ठीक. काटा हळूहळू वर सरकत राहिला तर आतल्या झडपेची सीट झिजली आहे आणि आज ना उद्या हा रेग्युलेटर फ्री फ्लो करणार.

खारे पाणी आत जाण्याचे सगळ्यात सामान्य कारण म्हणजे धूळ-टोपी. सिलिंडरवरून रेग्युलेटर काढला की त्याच्या तोंडावर ही टोपी कोरडी करून घट्ट बसवावी लागते. होडी हेलकावत असते, पुढचे पर्यटक तयार असतात, आणि ओली टोपी तशीच दाबली जाते. दुसरे कारण धुताना पर्ज बटण दाबणे. रेग्युलेटर सिलिंडरला जोडलेला नसताना हे बटण दाबले की व्हॉल्व्ह उघडतो आणि बादलीतले पाणी होजमधून मागे फर्स्ट स्टेजपर्यंत जाते. गोड्या पाण्यात भिजवून ठेवणे, तेही शक्यतो सिलिंडरला जोडून, आणि नंतर सावलीत वाळवणे एवढे रोजचे पथ्य पाळले तरी यंत्राचे आयुष्य वाढते. तारकर्ली-देवबागच्या पांढऱ्या वाळूवर टेकवलेली सेकंड स्टेज मात्र हमखास त्रास देते. वाळूचा एक कण उच्छ्वासाच्या झडपेखाली अडकला की प्रत्येक श्वासाबरोबर खारे पाणी तोंडात येते आणि पहिल्यांदाच पाण्यात उतरलेला माणूस तेवढ्यानेही घाबरून जातो.

इथे थंडीसाठी घडवलेली एक गोष्ट कोकणालाही उपयोगी पडते. कर्लीसारख्या नद्या आणि खाड्यांचे पाणी समुद्रात गाळ आणून सोडते. पिस्टनच्या उघड्या कप्प्यात हा गाळ आणि मीठ साचत जाते. सीलबंद फर्स्ट स्टेज बर्फासाठी केलेली असली, तरी ती गाळ आणि मीठही बाहेरच ठेवते. म्हणून इथे सीलबंद पडद्याचा रेग्युलेटर घेणे वाया जात नाही. धातूची जड सेकंड स्टेज किंवा बर्फाखालच्या डायव्हिंगसाठीचे खास जोड मात्र मालवणात निव्वळ खर्चाचे.

हवेची गोष्टही रेग्युलेटरशीच जोडलेली आहे. कोकणातली हवा दमट. ती कॉम्प्रेसरमध्ये दाबली की पाणी सुटते. ते वेळच्या वेळी काढून टाकले नाही आणि फिल्टर बदलला नाही, तर ओलावा सिलिंडरमधून रेग्युलेटरमध्ये उतरतो. कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुराजवळ असेल तर त्याहून वाईट; धुरातला कार्बन मोनॉक्साइड दाबाखाली अधिक घातक होतो. जगातला सर्वांत महाग रेग्युलेटर दूषित हवा शुद्ध करू शकत नाही.

आणि मग सर्व्हिसिंग. बहुतेक उत्पादक सांगतात की वर्षातून एकदा किंवा साधारण 100 बुड्यांनंतर, जे आधी होईल तेव्हा, रेग्युलेटर तपासून त्याचे रबरी भाग बदलावेत. काही नवे प्रकार दोन वर्षे चालतात, पण मधली तपासणी त्यांनाही चुकत नाही. सुट्टीत चार बुड्या मारणाऱ्या हौशी माणसाला वर्षाचा नियम पुरतो. मालवणच्या गर्दीच्या दिवसांत एक रेग्युलेटर दिवसाला चार वेळा पाण्यात गेला, तर शंभराचा आकडा पंचवीस दिवसांतच गाठतो. व्यवसायातल्या रेग्युलेटरचा हिशेब म्हणूनच कॅलेंडरवर नाही, बुड्यांच्या वहीवर ठेवायला हवा. मेअखेरीस समुद्र खवळला की जलपर्यटन बंद होते आणि नवा मोसम सुरू होईपर्यंत तीनेक महिने मोकळे मिळतात. दमट खोलीत खुंटीला टांगून ठेवलेल्या रेग्युलेटरला याच काळात बुरशी धरते आणि रबर खराब होते. मॅकमर्डोचे लोक जे मोसमाच्या आरंभी करतात, ते करायला मालवणला निसर्गच दरवर्षी सवड देतो.

घेताना काय पाहावे

स्वतःचा रेग्युलेटर घेणाऱ्याने आधी आपण पुढच्या दोन-तीन वर्षांत कुठे उतरणार हे प्रामाणिकपणे ठरवावे. मालवणचा किल्ला, चिवला किनारा, फार तर गोव्याचे ग्रँड आयलंड किंवा कर्नाटकातले नेत्राणी बेट, असा बेत असेल तर साधा, दणकट आणि जवळपास दुरुस्त होणारा रेग्युलेटर पुरे. तीस मीटरकडे जायचे असेल तर दोन्ही टप्पे बॅलन्स्ड असावेत आणि ऑक्टोपसही मुख्य सेकंड स्टेजच्या तोडीचा असावा. आणीबाणीत त्यावरच कुणाचा तरी जीव असणार आहे. बुडालेल्या जहाजांकडे ओढा असेल तर होज अंगालगत बसणारे हवेत, लोंबकळणारे नकोत, कारण लोखंडाच्या कडा आणि अडकलेली जाळी त्यांचीच वाट पाहत असतात. दहा अंशांखालच्या पाण्यात जायचे असेल तर थंडीची चाचणी पार केलेला सीलबंद प्रकार घ्यावा आणि त्या पाण्याचे वेगळे प्रशिक्षणही घ्यावे. नुसता रेग्युलेटर नेऊन भागत नाही.

जोडणीकडेही पाहावे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सिलिंडरला शिकंज्यासारखी घट्ट बसणारी योक पद्धत चालते. ती 232 बारपर्यंतच्या दाबासाठी असते. युरोपात आट्यांनी आत फिरवून बसवायची डिन पद्धत रूढ आहे, ती 300 बारपर्यंत जाते आणि ओ-रिंग ही सीलची रबरी कडी आत बंदिस्त राहत असल्याने खोल आणि बंदिस्त जागी अधिक भरवशाची मानतात. डिनचा रेग्युलेटर घेतला तर योकचा अ‍ॅडॉप्टर सोबत ठेवावा. सर्वांत शेवटी, आणि किमतीच्याही आधी विचारण्याजोगा प्रश्न असा की या रेग्युलेटरचे सुटे भाग आणि तो उघडू जाणणारा अधिकृत कारागीर मुंबई, पुणे किंवा गोव्यात आहे का? ज्याची सर्व्हिस किट सातासमुद्रापारहून मागवावी लागते, असा उत्तम रेग्युलेटर कोकणात दुसऱ्याच वर्षी कपाटात जातो.

पर्यटकाने यातले काहीच विकत घ्यायचे नसते, पण त्यालाही विचारायचा हक्क आहे. या रेग्युलेटरची सर्व्हिसिंग कधी झाली? इन्स्ट्रक्टरकडे ऑक्टोपस आहे का? तोंडी फाटलेली नाही ना आणि आधीच्या माणसानंतर जंतुनाशकाने धुतली आहे ना? होडीवर, पाण्यात उतरण्यापूर्वी, त्यातून चार-पाच श्वास घेऊन पाहावेत आणि घेताना दाबमापकाकडे बघावे. श्वासागणिक काटा खालीवर हलत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही, असे समजून लगेच सांगावे.

डायव्हिंग केंद्रांनीही एक पाऊल पुढे टाकावे. प्रत्येक रेग्युलेटरला क्रमांक द्यावा, त्याच्या बुड्या वहीत मांडाव्यात आणि शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीख लिहिलेली चिठ्ठी होजलाच बांधावी. खर्च नगण्य आहे. मालवण आता वीस-तीस मीटरच्या समुद्राकडे निघाले आहे आणि तिकडे जाण्यापूर्वी ही चिठ्ठी प्रत्येक होजवर दिसायला हवी.